जिल्ह्यांच्या यादीतील क्रम : चंद्रपूर व गडचिरोली यांच्या संदर्भात

सांख्यिकीय अहवालातील नावांचा क्रम हा सामान्यतः अभ्यासाचा विषय मानला जात नाही. तथापि यादीत कोणता जिल्हा कोठे बसवावा, यामागे प्रशासनाची एक दृष्टी असते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १९९१ च्या जनगणनेत राज्याचे ३० जिल्हे होते. यादी बृहन्मुंबईपासून सुरू होऊन कोकण, नाशिक, पुणे, मराठवाडा, वऱ्हाड अशी महसुली प्रदेशांच्या वाटेने नागपूरकडे येई. चंद्रपूर २९ वा आणि गडचिरोली ३० वा. राजधानीतून पाहणाऱ्याला जे सर्वांत दूर, ते सर्वांत शेवटी.

२००१ च्या जनगणनेत ही वाट बदलली. राज्याच्या वायव्य कोपऱ्यापासून क्रमांक देण्यास प्रारंभ झाला. नंदुरबार पहिला आला, ओळ पूर्वेकडे सरकत गोंदियापर्यंत गेली, तेथून दक्षिणेस वळली. त्यामुळे गडचिरोली १२ वा व चंद्रपूर १३ वा झाला. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेतही हीच दिशा दिसते. लोकसभेचा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ १२ वा, चंद्रपूर १३ वा होय. एम.फिल.च्या काळात प्रस्तुत लेखकाने दोन जनगणनांची कोष्टके केवळ अनुक्रमांकाच्या आधारे जोडली होती. परिणामी गडचिरोलीच्या २००१ च्या आकड्यांशेजारी १९९१ चा पश्चिम महाराष्ट्रातील एक सधन जिल्हा येऊन बसला. चूक लक्षात येण्यास आठवडा लागला.

संगणकाला यांपैकी कोणताही क्रम स्वतःहून कळत नाही. तो अक्षरे पाहतो. रोमन लिपीत चंद्रपूर आधी येते, देवनागरीत 'ग' हा 'च'च्या आधी असल्याने गडचिरोली आधी. महिन्यांचीही तीच गत. 'ऑगस्ट' 'जानेवारी'च्या पुढे जाऊन बसतो. म्हणून आजच्या व्यावसायिक अहवाल-प्रणालींत नावाच्या स्तंभाशेजारी क्रमांकाचा दुसरा स्तंभ ठेवून पहिल्याची मांडणी दुसऱ्यावरून करतात. जनगणनेचा संकेतांक हेच काम संगणक टेबलावर येण्यापूर्वीपासून करीत आला आहे.

हा उपाय गडचिरोलीच्या तालुक्यांत विशेष उपयोगी ठरतो. जनगणनेची यादी उत्तरेकडील देसाईगंज (वडसा) येथून निघते आणि आरमोरी, कुरखेडा, कोरची, धानोरा, गडचिरोली, चामोर्शी, मुलचेरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी असे करीत प्राणहिता-गोदावरी संगमाजवळील सिरोंचापर्यंत येते. रेल्वे लाभलेल्या वडशापासून दूरच्या दक्षिण सीमेपर्यंतचे अंतर वाचकास कोष्टकातच जाणवते. वर्णानुक्रमे मांडल्यास अहेरी पहिल्या ओळीत येते, देसाईगंज भामरागडाच्या जवळ येते आणि कोष्टकातील भूगोल नाहीसा होतो.

येथे एक भेद नमूद करणे आवश्यक आहे. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात गडचिरोली ३५ जिल्ह्यांत शेवटच्या स्थानी होता. ते स्थान मोजमापाने ठरलेले होते. १९९१ च्या यादीतील ३० वे स्थान मात्र केवळ कारकुनी सोयीचे होते. विभागवार मांडलेल्या शासकीय तक्त्यांत आजही गडचिरोली अखेरच्या ओळीत आढळतो, आणि वर्गात तो तक्ता दाखविला की विद्यार्थी ती ओळ गुणानुक्रम म्हणूनच वाचतात.