वजनदार जाकीट आणि वजनदार पांघरूण

वजनदार जाकीट आणि वजनदार पांघरूण ही अंगावर सौम्य, परंतु सतत जाणवेल असा भार पडावा या हेतूने मुद्दाम जड केलेली वस्त्रे होत. स्वमग्नता, लक्षन्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) किंवा संवेदनांच्या ग्रहणातील अडचणी असलेल्या मुलांसाठी व्यवसायोपचारात त्यांचा वापर केला जातो. जाकीट प्रामुख्याने दिवसा, वर्गात किंवा एका जागी बसून करावयाच्या कामाच्या वेळी घातले जाते. पांघरूण झोपेच्या किंवा विश्रांतीच्या वेळी वापरले जाते. अशा भारामुळे बरे वाटते, असे अनेक मुले व त्यांचे पालक सांगतात. मात्र त्यामुळे लक्ष, वर्तन किंवा झोप यांत मोजता येण्याजोगी सुधारणा होते का, याबाबतचे पुरावे मर्यादित आणि परस्परांशी न जुळणारे आहेत. चुकीच्या वापरामुळे मुलांचे मृत्यू झाल्याच्या घटनाही नोंदलेल्या आहेत.

रचना आणि वजन

वजनदार जाकीट बिनबाह्यांचे असते. त्याच्या पुढील व मागील बाजूंना लहान खिसे शिवलेले असतात आणि त्यांत धातूचे तुकडे किंवा बारीक दाण्यांच्या पुरचुंड्या ठेवतात. खांदे, छाती व पाठ यांवर भार समान वाटला जाईल, अशी मांडणी केली जाते. वजने काढता-घालता येत असल्याने एकच जाकीट वाढत्या वयाच्या मुलाला काही काळ पुरते.

वजनदार पांघरुणाच्या दोन थरांमध्ये चौकटी शिवून प्रत्येक चौकटीत काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरतात. चौकटींमुळे भरण एका बाजूला गोळा होत नाही. काही प्रकारांत दाण्यांऐवजी धातूच्या साखळ्या वापरतात. मांडीवर ठेवावयाची जड उशी आणि खांद्यांवर घ्यावयाची जड पट्टी ही याच जातीची अन्य साधने आहेत.

पांघरुणाचे वजन मुलाच्या वजनाच्या सुमारे १० टक्के आणि जाकिटाचे ५ ते १० टक्के असावे, असा संकेत प्रचलित आहे. त्यानुसार २० किलो वजनाच्या मुलाचे पांघरूण सुमारे २ किलोंचे होते. हे प्रमाण व्यवहारातून रूढ झाले आहे. निरनिराळ्या वजनांची पद्धतशीर तुलना करून ते ठरलेले नाही. भारताच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणातही दप्तराच्या वजनाची मर्यादा विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्के अशीच आहे. मात्र हे साम्य केवळ आकड्यापुरते आहे. दप्तराची मर्यादा पाठीवर व खांद्यांवर ताण येऊ नये म्हणून घातलेली आहे, तर जाकिटाचे वजन ते जाणवावे म्हणून सुचवले जाते.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

दृष्टी, श्रवण, स्पर्श, गंध व चव या पाच संवेदनांखेरीज शरीराला आपल्या तोलाची आणि अवयवांच्या स्थितीचीही जाणीव असते. स्नायू व सांधे यांच्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे अंधारातही हात तोंडापर्यंत अचूक पोहोचतो आणि पायाकडे न पाहता जिना चढता येतो. या जाणिवेला स्थितिसंवेदन म्हणतात.

काही मुलांना सामान्य संवेदना असह्य होतात. सदऱ्याच्या गळ्याशी शिवलेली चिठ्ठी, मिक्सरचा आवाज किंवा गर्दीतील धक्के यांनी ती अस्वस्थ होतात. उलट काही मुले तीव्र संवेदनांच्या शोधात असतात. ती सतत उड्या मारतात, भिंतीला अंग घासतात किंवा इतरांना घट्ट बिलगतात. हलका, अनपेक्षित स्पर्श मुलाला सावध करतो, तर घट्ट व एकसारखा दाब शांत करतो, या कल्पनेवर वजनदार वस्त्रे आधारलेली आहेत. अशा दाबाला खोल दाब असे म्हटले जाते. त्यामुळे चेतासंस्थेची उत्तेजना उतरते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु मुलांमध्ये ही प्रक्रिया नेमकी कशी घडते, हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही.

इतिहास

या विचाराची मांडणी अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ व शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ ए. जीन आयर्स (१९२०–१९८८) यांनी केली. संवेदन-एकात्मीकरण आणि अध्ययनातील अडचणी यांचा संबंध विशद करणारा त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. आयर्स यांच्या उपचारपद्धतीत झोके, चढण्या-उतरण्याची साधने आणि मुलाचा स्वतःचा सक्रिय सहभाग यांना मध्यवर्ती स्थान आहे. केवळ जड वस्त्र अंगावर घालणे हा त्या पद्धतीचा पर्याय नव्हे, याकडे पुढील अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

खोल दाबाची कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवण्यात टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७) यांचा मोठा वाटा आहे. पशुविज्ञानाच्या प्राध्यापक असलेल्या ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत. तरुणपणी ॲरिझोनातील मावशीच्या पशुपालन केंद्रावर त्यांनी गुरांना लस टोचताना जखडून ठेवणारा सापळा पाहिला. दोन्ही बाजूंनी दाब पडताच काही जनावरे शांत होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून त्यांनी १९६०च्या दशकात स्वतःसाठी दाबयंत्र तयार केले. यंत्रातील दाब किती आणि किती वेळ घ्यावयाचा, हे आत बसलेली व्यक्तीच ठरवत असे. या अनुभवावर आधारित त्यांचा शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला.

पुढे उपचारकेंद्रांत व शाळांत वजनदार जाकिटांचा वापर वाढला. २०१७ साली अमेरिकेत एका वजनदार पांघरुणासाठी लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरून लक्षावधी डॉलर जमा झाले. त्यानंतर हे साधन उपचारकेंद्राबाहेर पडून प्रौढांच्या शयनगृहातील सर्वसाधारण विक्रीची वस्तू बनले.

संशोधन

जाकिटांविषयीचे अभ्यास

जाकिटांविषयीचे सुरुवातीचे अभ्यास उत्साहवर्धक होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अमेरिकन अभ्यासांत जाकीट घातल्यावर मुलांचे कामातील लक्ष वाढल्याचे आढळले; परंतु त्यांपैकी एकात पाच आणि दुसऱ्यात चारच मुले होती. २००९ साली जेनिफर स्टीव्हन्सन व मार्क कार्टर यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन जाकिटांच्या उपयुक्ततेस पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला. २०१० साली रायको व सहकाऱ्यांनी तीन बालकांचे तीन परिस्थितींत निरीक्षण केले: वजनासह जाकीट, वजनाविना जाकीट आणि जाकिटाविना. तिन्ही परिस्थितींत मुलांच्या सहभागात सातत्याने दिसणारा फरक आढळला नाही.

याउलट तैवानमध्ये लक्षन्यूनता व अतिचंचलता असलेल्या ११० मुलांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाकिटामुळे लक्षाच्या काही मापांत सुधारणा दिसली; आवेग आवरण्याच्या क्षमतेत मात्र ती दिसली नाही. स्वमग्नता असलेली मुले आणि अतिचंचल मुले यांच्यावरील निष्कर्ष एकमेकांना सरसकट लागू करता येत नाहीत, हेही यावरून स्पष्ट होते.

पांघरुणांविषयीचे अभ्यास

ब्रिटनमध्ये पॉल ग्रिंग्रास व सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत ५ ते १६ वर्षे वयाच्या, झोपेच्या तीव्र अडचणी असलेल्या स्वमग्न मुलांना काही दिवस वजनदार आणि काही दिवस तसेच दिसणारे साधे पांघरूण देण्यात आले. ६७ मुलांच्या नोंदी तपासल्या असता एकूण झोपेच्या कालावधीत लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही मुलांनी व पालकांनी वजनदार पांघरुणालाच पसंती दिली. मोजमाप आणि पसंती यांतील ही तफावत या विषयावरील चर्चेत वारंवार उद्धृत केली जाते.

स्वीडनमध्ये लक्षन्यूनता व अतिचंचलता असलेल्या ९४ मुलांवर झालेल्या अलीकडील चाचणीत झोपेचा कालावधी सरासरी सुमारे ८ मिनिटांनी वाढला. ही वाढ संख्याशास्त्रीय दृष्ट्या ग्राह्य असली, तरी अल्प आहे. त्याच देशात मानसिक विकार व निद्रानाश असलेल्या १२० प्रौढांवरील चाचणीत (२०२०) अधिक ठळक लाभ दिसला. मात्र प्रौढांवरील निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही.

संशोधनातील अडचणी

औषधाच्या चाचणीत खरी व खोटी गोळी सारखी दिसू शकते. जड वस्त्राचे तसे नाही. ते अंगावर घेताच त्याचे वजन कळते. त्यामुळे मूल, पालक व शिक्षक यांच्या अपेक्षांचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. याशिवाय जाकीट घातलेल्या मुलाकडे शिक्षकांचे लक्ष अधिक जाणे, हेही वर्तनातील बदलाचे कारण असू शकते.

वैद्यकीय संस्थांची भूमिका

अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ सालच्या धोरणनिवेदनात संवेदनाधारित उपचार सर्वंकष उपचारयोजनेचा एक भाग म्हणून स्वीकारार्ह मानले. तथापि त्यांच्या परिणामकारकतेचे संशोधन मर्यादित आहे, हे पालकांना सांगावे, अशी शिफारस केली. अमेरिकन मानसरोग संघटनेच्या २०१३ सालच्या निदानसंहितेत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट झाला. ‘संवेदनप्रक्रिया विकार’ हे स्वतंत्र निदान मात्र स्वीकारले गेले नाही.

सुरक्षितता

२००८ साली कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात नऊ वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा शाळेत वजनदार पांघरुणात गुंडाळून ठेवल्यानंतर मृत्यू झाला. २०२२ साली अमेरिकेत चार व सहा वर्षांच्या दोन मुली पांघरुणाच्या खोळीची साखळी उघडून आत शिरल्या आणि अडकून गुदमरल्या. त्यानंतर विक्रेत्याने त्या प्रकारची सुमारे २ लाख ४ हजार पांघरुणे परत मागवली. या दोन्ही प्रसंगांत मुलांना स्वतःहून बाहेर पडता आले नाही.

म्हणून मुलाला वस्त्र स्वतः दूर करता येणे, ही त्याच्या वापराची पहिली अट मानली जाते. सर्वसाधारणपणे पुढील दक्षता सांगितल्या जातात:

• चेहरा व डोके कधीही झाकू नये. मुलाला पांघरुणात गुंडाळू नये.
• नको म्हणणाऱ्या मुलावर वस्त्र लादू नये. शिक्षा म्हणून किंवा मुलाला जखडून ठेवण्यासाठी ते वापरू नये. बोलून सांगता न येणाऱ्या मुलाच्या हावभावांकडे लक्ष द्यावे.
• श्वसन, हृदय किंवा रक्ताभिसरणाचे विकार, अपस्मार अथवा स्नायूंचा अशक्तपणा असल्यास वापरापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.
• शिवण उसवली असल्यास वापर थांबवावा. आतील दाणे गिळले जाण्याचा धोका असतो.
• उष्ण हवेत अंग तापत नाही ना, हे पाहावे.

तान्ह्या बाळांसाठी ही साधने वर्ज्य आहेत. झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा जवळ वजनदार पांघरूण, वजनदार दुपटे किंवा तत्सम वस्तू ठेवू नये, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

भारतातील स्थिती

भारतात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. कमला निंबकर यांच्या प्रयत्नांतून १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू झाली आणि १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. आज बालविकास केंद्रांतील व्यवसायोपचारात संवेदन-एकात्मीकरणाच्या तंत्रांचा समावेश असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा अंतर्भाव आहे. लक्षन्यूनता व अतिचंचलता हा त्यांत स्वतंत्र प्रकार नाही.

वजनदार पांघरुणे आता ऑनलाइन दुकानांतून कोणत्याही तपासणीविना विकत घेता येतात. महाराष्ट्राच्या बहुतांश भागातील उन्हाळा पाहता, थंड देशांतील वापराच्या सूचना येथे तशाच पाळणे सोयीचे नाही. घरोघरी वापरली जाणारी गोधडी किंवा वाकळ हीदेखील अंगावर जड असते; तथापि तिचे वजन मुलाच्या वजनानुसार ठरवलेले नसल्याने तिची गणना उपचारसाधनांत होत नाही.

एखाद्या मुलाला या साधनाचा उपयोग होतो का, हे ठरवण्यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ सहसा आधी एकच निश्चित उद्दिष्ट निवडतात. उदाहरणार्थ, मूल जागेवर किती मिनिटे बसते किंवा किती वाजता झोपी जाते. साधनाविना आणि साधनासह काही दिवसांच्या नोंदी ठेवून त्यांची तुलना केली जाते. फरक दिसला नाही, तर वापर थांबवून त्यासाठी लागणारा वेळ व पैसा भाषोपचार, वर्तनोपचार किंवा वर्गातील अन्य साहाय्याकडे वळवणे शक्य होते.

हे सुद्धा पहा

• स्वमग्नता
• लक्षन्यूनता व अतिचंचलता
• व्यवसायोपचार
• टेंपल ग्रँडिन
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६