डोळ्यांची चाल

आमच्या भिवंडीत एखादा माणूस झोकांड्या खाऊ लागला की लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात एक चाचा होते, यंत्रमागावर काम करणारे. तिशी ओलांडली आणि त्यांची चाल बिघडली. पाय फाकवून चालायचे, बोलणे जड झाले. दारूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तरी आम्ही पोरे त्यांना ‘दारुड्या’ म्हणून चिडवायचो. त्यांच्या वडिलांचेही असेच झाले होते, असे म्हातारी माणसे सांगत. ‘बापाची सवय लेकाला लागली’ एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढला.

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरांनी त्यांच्यासमोर दोन हातांची दोन बोटे धरली आणि ‘या बोटाकडे बघा, आता त्या बोटाकडे’ असे पुनःपुन्हा सांगितले. चाची घरी येऊन वैतागल्या, “पाय चालत नाहीत आणि डॉक्टर डोळे बघतो!”

या चमत्कारिक वाटणाऱ्या तपासणीला मोठा इतिहास आहे. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, याची दखल एर्ब आणि वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये घेतली. १८९६ मध्ये पॅरिसला जोसेफ बाबिन्स्कीने अवघ्या काही ओळींचे टिपण वाचले. तळव्याच्या कडेने टोकदार वस्तू ओढली, तर मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून मणक्यात उतरणाऱ्या वाटेला इजा झाली असेल, तर तो वर उठतो. (तान्ह्या बाळाचा वर उठला तर घाबरू नये, ते त्या वयाला धरूनच असते.) त्या काळी लकव्याच्या कितीतरी रुग्णांवर, विशेषतः बायकांवर, हिस्टेरियाचा शिक्का बसे. खरे दुखणे ओळखायला आता अंगठ्याची साक्ष मिळाली.

या इतिहासातले एक पान मुंबईचे आहे. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांच्यासमोर तोल जाणारे रुग्ण येत. लहान मेंदू झिजण्याचा हा आजार जगाला ठाऊक होता. पण काही रुग्णांचे डोळे वेगळे होते. आपली नजर एका वस्तूवरून दुसरीवर झेप घेते. मागावरचा कारागीर या धोट्यावरून त्या धोट्याकडे बघतो, ते अशाच झेपेने. या रुग्णांची नजर मात्र सावकाश सरकत जाई, आणि काहींना डोळ्यांऐवजी मानच वळवावी लागे. वाडिया आणि स्वामी यांनी अशी नऊ घराणी नोंदवली आणि १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकात हा आनुवंशिक आजाराचा नवा प्रकार असल्याचे मांडले. मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनजवळ झाला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात! इथे हाताशी होते ते डोळे, बोटे, हातोडी आणि घराण्याची चौकशी.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, असाच मंद नजरेचा एक आजार ज्या बिघाडामुळे होतो, तो बाराव्या गुणसूत्रावरचा जनुक सापडला. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा प्रमाणाबाहेर पुनःपुन्हा येतो. आईबापांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. क्युबातल्या होल्गिन प्रांतात त्याचे रुग्ण फार आहेत. रक्त तपासून निदान करता येते, पण आजार बरा करणारे औषध अजून नाही.

चाचांनाही औषध मिळाले नाही. मुंबईहून येताना एक कागद मिळाला, त्यावर हा घराण्यात उतरणारा मेंदूचा आजार असल्याचे लिहिले होते. चाचीने तो कपाटात कुराणशरीफच्या खालच्या फळीवर घडी करून ठेवला. चाचांबद्दल कोणी काही बोलले की ती तो कागद काढून समोर धरायची. कागद इंग्रजीत होता. आमच्या गल्लीत तो वाचता येणारे त्या वेळी कोणी नव्हते, तरी लोक तो हातात घेऊन बराच वेळ बघत असत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)