ईस्ट इंडियन बोली

उत्तर कोकणातील मूळच्या कॅथलिक समाजाची मराठी बोली. वांद्र्यातील रणवार, चिंबई, पाली या गावठाणांपासून साष्टीतील इतर गावांपर्यंत ती घराघरांत बोलली जात आली आहे. वसईतील कादोडी आणि वाडवळी या तिच्या जवळच्या बोली.

१५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. कोळी, भंडारी, कुणबी अशा अनेक जातींतील लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, बोली तीच राहिली. पुढे गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या कॅथलिकांपासून वेगळी ओळख राहावी म्हणून, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ ही लकब तिला आगरी-कोळी बोलींच्या पंगतीत बसवते. नपुंसकलिंगी रूपांच्या शेवटी सानुनासिक ‘आं’ येतो. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणण्याच्या विधीचे नाव ‘उंबराचां पानी’. यात दोन्ही खुणा सापडतात. पाद्री, नाताळ, सोरपोतेल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, पण वाक्याची घडण मराठीच राहिली.

ही बोली मराठी की कोकणी? सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने लिहिलेले इथल्या भाषेचे व्याकरण पोर्तुगीज अभ्यासक कुन्य रिव्हारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात छापले, ते ‘उत्तरेकडील कोकणी’चे म्हणून. भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात ठाण्याच्या ‘किरिस्ताव’ बोलीला कोळी, आगरी, कुणबी यांच्याशेजारी मराठीत जागा दिली. अर्थात त्यांच्या लेखी कोकणीही मराठीचीच बोली होती.

  

वांद्र्यात आता घराघरांत इंग्रजी शिरली आहे. शाळेत इंग्रजी माध्यम, शेजारी गोव्याची कोकणी, बाजारात हिंदी. त्यामुळे नव्या पिढीला ही बोली समजते, पण बोलायला जमत नाही. लग्नातील गाण्यांत मात्र ती अजून टिकून आहे.