घरच्या न्हाणीघरातला विसावा

तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथे होतो. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाणारे मुक्ताईनगर आज संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखले जाते. येथून आषाढी वारीसाठी मुक्ताबाईंची पालखी निघते आणि जवळजवळ महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. या वाटेवर मुक्कामाच्या गावी दमलेल्या वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून ते चेपण्याची सेवा अनेक जण आनंदाने करतात. थकलेल्या देहाला तेल, ऊन पाणी आणि दुसऱ्याच्या हाताचा स्पर्श मिळाला की मन निवते, हे ज्ञान येथे कोणत्याही जाहिरातीवाचून पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे.

शहरात मात्र हेच ज्ञान 'स्पा' या नावाने आणि भरभक्कम शुल्काने मिळते. स्पा हे मुळात बेल्जियममधील खनिजयुक्त झऱ्यांच्या एका गावाचे नाव. युरोपातील अशा अकरा गावांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्या यादीत हे स्पा गावही आहे. उष्ण झऱ्यांसाठी जळगावकरांना मात्र तेवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. चोपडा तालुक्यातील उनपदेवचे कुंड प्रसिद्धच आहे. 'शांपू' हा शब्द तर आपल्याकडच्या 'चांपो' म्हणजे चेपण्यावरून इंग्रजीत गेला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे चंपी आणि वाफेच्या स्नानाची व्यवस्था सुरू केली, तेव्हा तिथल्या बड्या मंडळींनी तिच्यासाठी गर्दी केली होती.

घरी असा एक दिवस साधायचा, तर आरंभ तेलापासून करावा. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा असे सांगितले असून डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे. अजीर्ण झाले असता किंवा कफ वाढला असता मात्र अभ्यंग टाळावा, असेही त्यातच आहे. म्हणजे सर्दी-खोकल्याने बेजार असताना किंवा भरल्या पोटी तेल लावून बसणे शास्त्रालाही मान्य नाही. जेवणानंतर लगेच स्नान करण्यासही तिथे मनाई आहे.

तेलाची निवड हवेनुसार करावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत तिळाच्या तेलाने जोरकस मर्दन करून वर कढत पाणी घेणे हा जुलूमच ठरेल. तेव्हा खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे, वाळ्याची जुडी रात्रभर भिजवलेले पाणी स्नानास घ्यावे आणि ते कोमटाहून अधिक ऊन नसावे. पौष-माघातील थंडीत मात्र तिळाचे तेलच उत्तम. तेलाची वाटी विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावी. तेल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटे शांत बसावे. हीच मिनिटे सर्वांत मोलाची, आणि घाईच्या घरात नेमकी हीच गाळली जातात.

तळपायांसाठी काशाची वाटी आणि थोडे तूप एवढे पुरते. वाटी गोल फिरवता फिरवता पाय काळसर होतात आणि अंगातली उष्णता बाहेर पडली असे म्हटले जाते. वस्तुतः तो काळेपणा तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा असतो. त्याने उष्णता मोजता येत नसली, तरी तळपाय हलके होतात आणि झोप चांगली लागते, हा अनेकांचा अनुभव आहे. टाचांच्या भेगांसाठी पाय कोमट पाण्यात बुडवून वजरीने हलकेच घासावेत. मधुमेह्यांनी मात्र पाण्याचा ऊनपणा तळव्याने न पाहता कोपराने पाहावा किंवा दुसऱ्यास पाहू द्यावा. पायाची संवेदना मंदावलेली असेल, तर भाजल्याचे कळतच नाही.

उटण्यासाठी मसूर किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा आणि वाळवून दळलेली संत्र्याची साल हे साहित्य दिवाळीपुरतेच आणावे असे नाही. कोरड्या त्वचेसाठी ते दुधात किंवा सायीत, तेलकट त्वचेसाठी गुलाबपाण्यात कालवावे आणि पूर्ण वाळण्याआधीच धुवावे. केळीच्या या पट्ट्यात पिकलेले केळे हाताशी असतेच. ते कुस्करून थोड्या दह्यात घालून चेहऱ्यावर दहा मिनिटे ठेवल्यास त्वचा तात्पुरती मऊ होते. त्याहून अधिक चमत्काराची अपेक्षा करू नये. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणे मात्र घातक आहे. त्याने त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडाही चेहऱ्यावर नको. कोणताही नवा लेप आदल्या दिवशी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहणे शहाणपणाचे. डोक्यासाठी शिकेकाई, रिठा आणि आवळा यांचा काढा वापरावा, पण डोळे मिटून. डोक्यावर फार कढत पाणी घेतल्यास केस व डोळे यांचे बळ घटते, असे वाग्भट सांगतो. त्यामुळे बंबातले कढत पाणी खांद्याखाली आणि डोक्याला कोमट हा जुना नेम योग्यच होता.

पाण्याचीही काटकसर साधते. आंघोळीच्या टबास दीडशे लिटर पाणी सहज लागते. घंगाळ, पाट आणि तांब्या असला की दोन बादल्यांत निवांत स्नान होते, आणि टंचाईच्या दिवसांत तेवढेच शोभते. तेलाने फरशी निसरडी होते, म्हणून वृद्धांसाठी पाटाखाली व दाराशी जाड पोते किंवा रबरी चटई अंथरावी.

याहून गंभीर धोका बंद दाराआड असतो. गॅस गिझर न्हाणीघरात बसवलेला असेल आणि खिडकी बंद असेल, तर अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे ओळखेपर्यंत माणसाची दाराची कडी काढण्याची शक्तीही उरत नाही. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवणे हाच खरा उपाय. ते होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी आणि मगच आत जावे. बाळंतिणीच्या बंद खोलीतील निखाऱ्यांची शेकशेगडीही हाच वायू सोडते. पाणी तापवण्याची विजेची कांडी वापरणाऱ्यांनी बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

साहित्य आणि दक्षता यांनंतर प्रश्न उरतो तो वेळेचा, आणि तो कोणाच्या वाट्याला येतो याचा. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातील गृहिणी सर्वांना तेल-उटणे लावते. पाडव्याला पतीला तेल लावून ओवाळण्याची रीतही अनेक घरांत आहे. तिचे स्वतःचे स्नान बहुधा सर्वांत शेवटी, उरलेल्या पाण्यात आणि फराळाच्या घाईत उरकते. दुसऱ्याच्या हाताने रोज अंगाला तेल लागण्याचे भाग्य तिला मिळते ते बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात. तेही मालिशवाल्या बाईकडून, आणि बाळाच्या निमित्ताने.

म्हणून घरातला असा दिवस तिच्यासाठी योजायचा असेल, तर तयारी तिच्याकडे सोपवू नये. आदल्या रात्री वाळा भिजत घालणे, उटणे कालवणे, पाणी तापवणे, टॉवेल काढून ठेवणे आणि नंतर तेलकट न्हाणीघर घासणे ही कामे घरातील इतरांनी वाटून घ्यावीत. सकाळचा नाश्ता बाहेरून आणला तरी चालेल. वरण-भाताचा साधा स्वयंपाक मुलांनाही जमतो. दूरध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. स्नानानंतर अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे, त्वचा ओलसर असतानाच खोबरेलाचे दोन थेंब चोळावेत, सुती कपडे घालावेत, कोकम सरबत किंवा ताक प्यावे आणि तासभर पडून राहावे. त्या तासात दार ठोठावून डबा कुठे आहे, हे विचारायचे नाही.