गळा आणि चेहरा

गाणे हे मुळात कानांनी ऐकण्याचे. पण हल्ली ते डोळ्यांनीच अधिक ऐकले जाते. गाणारी मुलगी पडद्यावर आली की तिचा सूर लागण्याआधी तिच्या रंगाची आणि नाकाडोळ्यांची चर्चा सुरू होते. म्हणून गळ्याला चेहऱ्यापासून मोकळीक कशी मिळाली, तो इतिहास थोडक्यात सांगते.

१९३१ साली 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट आला आणि १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. त्या वेळी जी नटी पडद्यावर दिसे तिलाच गावे लागे. 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई खोटे यांनी आपली गाणी स्वतःच म्हटली. त्यामुळे जिचा गळा गोड पण रूप साधे, तिला पडद्यावर जागा मिळणे कठीणच. पुढे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायन आणले. गाणारी निराळी, दिसणारी निराळी! तेव्हापासून केवळ गळ्याच्या बळावर उभे राहण्याची वाट खुली झाली.

लाहोरच्या शमशाद बेगम याच वाटेने आल्या. बुरखा घालीन आणि छायाचित्र काढू देणार नाही, या अटीवर वडिलांनी त्यांना गाण्याची परवानगी दिली. कित्येक वर्षे लोकांनी त्यांचा चेहरा पाहिला नाही, पण आवाज घरोघर ओळखीचा झाला.

आपल्या लताबाई मंगेशकर यांचे उदाहरण तर घरचेच. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा त्यांना तेरावे वर्ष चालू होते. घर चालविण्यासाठी त्यांनी चित्रपटांत कामे केली. पण तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे त्यांना मुळीच आवडत नसे. त्यांचे खरे स्थान ध्वनिक्षेपकापुढे होते.

मात्र चेहरा मागे पडला तसे नावही मागेच राहिले. १९४९ साली 'महल' आला. मधुबालेच्या तोंडचे त्यातील गाणे लोकांनी डोक्यावर घेतले, आणि तबकडीवर गायिका म्हणून नाव काय, तर 'कामिनी'! म्हणजे चित्रपटातील पात्राचे. गाणारी कोण, अशी विचारणा होऊ लागली तेव्हा खरे नाव लोकांपुढे आले. फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली सुरू झाली. त्यांत संगीतकाराला मान होता, गाणाऱ्याला नव्हता. गाणाऱ्यालाही मान हवा, असा आग्रह लताबाईंनी धरला. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले, 'मधुमती'तील गाण्याबद्दल. तरी पुढील काही वर्षे गायक-गायिका मिळून पारितोषिक एकच होते.

यावरून मला एवढेच दिसते की, यंत्राने गळ्याला चेहऱ्यापासून सोडविले. पण गळ्याला नाव मिळाले ते माणसांनी विचारले म्हणून आणि बायकांनी मागितले म्हणून.

मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमात तिला गाणे म्हणावयास सांगत आणि नजर मात्र रंगावर ठेवीत, हे आपल्यातील पुष्कळजणींना ठाऊक आहे. निदान आपल्या मंडळात तरी तसे होऊ नये. हळदीकुंकवाला वा भोंडल्याला एखादी सावळी, बुजरी पोर गाऊ लागली, तर तिला मागच्या ओळीत बसवू नका. आधी ऐका, आणि गाणे संपल्यावर तिचे नाव विचारा.