गनफाउंड्रीतील शेजार

फ्रेंच सेनानी रेमंडच्या तोफांच्या कारखान्यावरून नाव पडलेल्या गनफाउंड्रीतील ऑल सेंट्स हायस्कूलची स्थापना १८५५ ची. निजामी राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोले. दरबाराची भाषा मात्र आधी फारसी, मग उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलांसाठी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी निघाली. कॅथलिक शाळेने निराळी वाट दाखविली. अँग्लो-इंडियन घरे वगळता इंग्रजी कोणाचीच घरची भाषा नव्हती. म्हणूनच तिच्या बाकावर हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती मुले बरोबरीने बसू शकली. या समतेचे मोल मी थोर मानतो. परंतु तिची किंमत मातृभाषांनी मोजली, हेही नोंदविले पाहिजे. शेजार शाळेने दिला. भाषा जपण्याचे कर्तव्य घराकडेच राहिले.