गिरणगावाचा अर्धा हिशोब

शहरांवर बोलायचे ठरले तेव्हा आम्ही आयोजकांना म्हटले, अख्खे शहर एका तासात मावणार नाही, शहराचा एखादा भाग घेऊ. तो भाग म्हणजे मुंबईचे गिरणगाव. वैभववाडीत बसून गिरणगावावर का बोलायचे, असे इथे कुणी विचारणार नाही. ज्यांच्या घरातले कुणीच कधी गिरणीत नव्हते त्यांनी हात वर करा म्हटले, तर फार हात वर येतील असे वाटत नाही.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यात एक खोड लागते. एखादा शब्द सगळे सहज वापरत असले, की तो नेमका कशाला लागू होतो हे विचारावेसे वाटते. म्हणून पहिला प्रश्न असा, की गिरणगाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

सरकारी नकाशावर हे नाव नाही. महापालिकेच्या हिशोबात तो भाग ई, एफ दक्षिण, जी दक्षिण अशा वॉर्डांत वाटलेला आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र त्याची हद्द पक्की आहे. दक्षिणेला ताडदेव आणि भायखळा, मधे चिंचपोकळी, लालबाग, परळ, पश्चिमेला लोअर परळ, वरळी, प्रभादेवी, पूर्वेला शिवडी आणि नायगाव. मधून दोन रेल्वेमार्ग जातात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला माणूस चालत जाऊ शकतो.

गिरण्या येण्याआधीही इथे वस्ती होती. १९३१ साली परळला रस्त्याचे काम चालू असताना शिवाची एक भव्य शिल्पशिळा सापडली. ती साधारण सहाव्या शतकातली मानतात. इंग्रज गव्हर्नरचा बंगलाही परळलाच होता. पुढे गव्हर्नर मलबार हिलला गेले आणि त्या बंगल्यात १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. गव्हर्नर गेला आणि प्लेगची लस आली, एवढ्यावरून परळ कसे बदलत होते ते लक्षात येते.

तो बदल गिरण्यांनी केला. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पैसा कुठला? मुंबईच्या अनेक व्यापारी घराण्यांनी चीनला कापूस आणि अफू पाठवून भांडवल उभे केले होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात विलायतेला कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांच्या सुताचे मोठे गिऱ्हाईक पुन्हा चीनच होते. जपानी गिरण्यांनी ती बाजारपेठ काबीज केल्यावर मुंबईने सुतापेक्षा कापडाकडे जास्त लक्ष वळवले. म्हणजे बघा, लालबागच्या भोंग्याचा संबंध सुरुवातीपासून शांघायशी होता. चीनकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता माणसे. साचे आणि चात्या विलायतेतून आल्या, चालवायला माणसे कोकणातून आणि देशावरून गेली. तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यातले होते. निम्मे! उंबर्डे, कोकिसरे, करूळ, भुईबावडा या भागातला माणूस चालत खारेपाटणला जायचा, तिथून होडीने खाडीतून विजयदुर्गला, आणि विजयदुर्गहून आगबोटीने मुंबईला. बंदरावर गाववाला न्यायला यायचा. तोच जॉबरकडे नेऊन उभा करायचा. जॉबर दस्तुरी घ्यायचा आणि बदलीवर लावायचा. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर आत जायचे, नाहीतर परत.

राहायला गावाची खोली. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली. दहा बाय बाराच्या जागेत वीस-वीस, तीस-तीस माणसे राहायची, आणि हे शक्य व्हायचे ते पाळ्यांमुळे. एक पाळी झोपायची तेव्हा दुसरी कामावर असायची. प्रत्येकाचा खुंटीवर एक डगला आणि भिंतीला एक ट्रंक. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक कामगारांच्याच घरच्या बाया. त्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये बांधली, ते अन्नपूर्णा महिला मंडळ. बाया गिरणीतही होत्या. १९२० च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई असायची, वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत. पुढे त्यांची संख्या घटत गेली. त्यांना घरी बसवले गेले, असेच म्हणायला हवे.

सरकारने घरे बांधली नाहीत असे नाही. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची.

गिरणगावाची आठवण काढताना आपण हळवे होतो. भजनी मंडळे, दशावतार, नमन, व्यायामशाळा, लालबागचा गणपती, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचे कलापथक. हे सगळे खरेच होते. पण जातीही सामान बांधून गावाहून बरोबर गेल्या होत्या. साच्यावर कांडी बदलताना धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्य मानलेल्या कामगाराने तोंड लावलेला धोटा चालणार नाही, म्हणून जास्त पगाराच्या साचेखात्यात दलितांना प्रवेश नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संघटनेपुढे ठेवला. ते स्वतः १९१२ पासून सुमारे वीस वर्षे परळच्या चाळीत राहिले होते. गिरणगाव त्यांना आतून ठाऊक होते.

आणि तरीही याच वस्तीने देशाला पुष्कळ काही शिकवले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी झोपून राहतो, त्यात त्यांचा वाटा आहे. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १९२८ चा संप सहा महिने चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या खाणाऱ्यांत गिरणगावातले कितीतरी होते.

इथे आम्हाला थांबून एक प्रश्न विचारायचा आहे. १९२८ मध्ये सहा महिने पगार नाही. मग हे लोक जगले कसे?

उत्तर या सभागृहाला ठाऊक आहे. ते गावी आले. इथे दोन-चार कुणगे भात होते, वरकस जमिनीत नाचणी होती, घरची बाई ती करत होती. १८९६ चा प्लेग आला तेव्हाही मुंबई रिकामी होऊन गावी आली होती. २०२० च्या करोनात काय झाले ते तर आपण डोळ्यांनी पाहिले.

आता हे हिशोबाच्या भाषेत मांडून बघू. कामगाराला गिरणी पगार देत होती तो त्याच्या एकट्याच्या पोटापुरता आणि वर थोडी मनीऑर्डर होईल एवढा. त्याचे बालपण गावाने पोसले. त्याची मुले गावात वाढली. तो आजारी पडला की गावी, संप झाला की गावी, म्हातारा झाला की गावी. या सगळ्या खर्चाचा बोजा गिरणीच्या वहीत कधी आला नाही. तो इथे, नांगरामागे आणि चुलीपुढे, बहुतांशी बायकांनी उचलला. मनीऑर्डर मुंबईहून कोकणात यायची हे सगळे सांगतात. कोकणातून मुंबईला दर महिन्याला काय जात होते, ते कुणी मोजले नाही. गिरणगावाचा इतिहास मुंबईचा इतिहास म्हणून लिहिला गेला आणि त्यातला अर्धा हिशोब असा सुटून गेला.

आमचे थोरले चुलते साचेखात्यात होते. त्यांच्या मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळींची जागा असायची. एका ओळीत पैसे पोचल्याचे कळवणे, दुसऱ्या ओळीत लावणी झाली का. बत्तीस वर्षे मुंबईत काढलेल्या माणसाचे अर्धे लक्ष कायम लावणीत. तुम्ही राहता कुठे असे विचारले तर ते म्हणायचे, "रवतंय लालबागाक, घर गावाक." हे त्यांचे एकट्याचे उत्तर नव्हते, सगळ्या चाकरमान्यांचे होते.

हेच उत्तर पुढे महागात पडले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदल्यांना कायम करायला हवे होते, आणि १९४६ च्या कायद्याने एकाच युनियनला दिलेली मान्यता नको होती. हा संप मागे घेतला असे औपचारिकरीत्या कधी जाहीरच झाले नाही. आम्ही तेव्हा नुकतेच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. जूनमध्ये वर्गातली काही मुले फी भरायला आलीच नाहीत. एका मुलाचा बाप चार महिने घरी होता, गवंड्याच्या हाताखाली जात होता. आम्ही विचारले, मुंबईला परत कधी? तो म्हणाला, "भोंगो झाल्यार." भोंगा झाला, पण लाखाहून अधिक लोकांसाठी तो पुन्हा झालाच नाही. या वेळी गावाने सहा महिने नाही, जन्मभर पोसले.

आणि मग जमिनीचा प्रश्न आला. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमाने ठरले, की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची, असे ठरले. त्यामुळे सार्वजनिक वाटा एकदम आकसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. आज लोअर परळला उतरा. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेले. लाखो लोक तिथे रोज येऊ लागले, पण रस्ते आणि पूल बराच काळ गिरणीच्या काळातलेच होते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली.

कामगारांना घरे देण्याचे ठरले. पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये ६,९२५ घरांची झाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. पुढे पनवेलजवळच्या कोनसारख्या ठिकाणची घरेही त्यात आली. गिरणगावाच्या जमिनीचे घर गिरणगावाबाहेर. काही लोक म्हणतात, हे तर गावी निघून गेले, यांना मुंबईत घर कशाला? या वाक्यातली गफलत आता तुमच्या लक्षात येईल. गावी जाणे ही सोय गिरणीने शंभर वर्षे फुकट वापरली. पगार कमी का, तर गावी घर आहे. आणि आता जमिनीत वाटा का नाही, तर गावी घर आहे. एकच कारण दोन्ही वेळा त्याच माणसाच्या विरुद्ध कसे चालेल?

म्हणून शेवटी चीन. शांघायमध्ये हुआंगपू नदीकाठी यांगपू नावाचा भाग आहे. तोही कापडगिरण्यांचा. १९९० च्या दशकात तिथल्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगार घरी बसले. आज तिथल्या एका जुन्या गिरणीत फॅशनचे केंद्र आहे आणि नदीकाठ लोकांना फिरायला मोकळा केला आहे. तिथे सगळे भले झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण सरकारी गिरणीतला तो कामगार शहराच्या दप्तरात शहराचा म्हणून नोंदलेला होता. त्याची खोली, दवाखाना, पेन्शन गिरणीशी जोडलेली होती. गिरणी बुडाली तरी त्याचा दावा शहरावर होता. आज त्याच शहरात खेड्यातून आलेल्या, शहरी नोंदणी नसलेल्या मजुरांची गत मात्र आपल्या चाकरमान्यासारखी आहे. देश कुठलाही असो, माणूस कुठला म्हणून नोंदला गेला यावर त्याचा हक्क ठरतो.

मग आपण काय करायचे? आमचे सांगणे साधे आहे. आज घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढा. तिकीट नंबर, हजेरीकार्ड, ईएसआयचे कार्ड, फंडाची चिठ्ठी, गावाच्या खोलीच्या मंडळाची वही, मनीऑर्डरची कुपने, जे असेल ते कोरड्या जागी ठेवा आणि त्याचे फोटो काढून घ्या. घराच्या अर्जासाठी त्यातले काही लागते, हे तर आहेच. पण ज्यांच्या घरी अर्ज नाही त्यांनीही हे करावे. आणि घरातल्या आजीला विचारा, आजोबा मुंबईत होते तेव्हा शेत कोण करत होते, किती भात व्हायचे, संपाच्या वर्षी काय विकले. तिचे उत्तर लिहून ठेवा. गिरणगावाच्या हिशोबाचे ते पान मुंबईच्या कुठल्याही कचेरीत सापडणार नाही.

प्रश्न असतील तर आम्ही बसलो आहोत.